टेबल नाही, फक्त खुर्च्या

२ नोव्हेंबर, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात.

पुण्याच्या कंपनीने मला काढलेलं नाही. प्रोजेक्ट संपला आणि त्यांनी मला मोकळं केलं, हे वेगळं. इथे गावी, केशोरीत, कोणी विचारलं तर 'सध्या रिमोट आहे' असं सांगतो. बाबांनी विचारलं, रिमोट म्हणजे टीव्हीचा का? मी लॅपटॉप उघडला.

संकल्प: पहाटे पाचला उठणे, तलावापर्यंत पळणे, रोज तासभर इंग्रजी. वर्ष संपायच्या आत स्वतःचं प्रॉडक्ट बाजारात.

३ नोव्हेंबर, सोमवार
उठलो साडेनऊला. पहिला दिवस वॉर्म-अपचा धरायचा असतो.

संध्याकाळी नाट्य मंडळाची मीटिंग. यंदा वडसाची नाटक कंपनी बावीस तारखेला येऊन राहिली. नाटक म्हटलं की गावातल्या प्रत्येक घरी पाहुणे. लेकी येतात, जावई येतात, आणि जावयाला पुढची खुर्ची मिळाली नाही तर दिवाळीचा आहेरही पुसला जातो. खुर्च्यांची तिकिटं आजवर बाबाच देत आले. पावती बुक, कार्बन, कानावर पेन. मी शाळेत होतो तेव्हापासून तेच.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, ऑनलाइन बुकिंग करू, घरबसल्या. पैसे गेटवर द्यायचे, खुर्ची मोबाईलवर धरायची. मंडळाचे अध्यक्ष भैयाजी यांनी एकच प्रश्न विचारला, "फुकट होईल का?" मी हो म्हणालो. ते म्हणाले, "मंग कर गा."

घरी आल्यावर बाबांनी पावती बुक कपाटात ठेवून दिलं. कौतुक वाटलं असेल, ते दाखवत नाहीत.

५ नोव्हेंबर, बुधवार
मोठा तांत्रिक निर्णय. वेबसाइट टेबलाशिवाय करणार.

(पुढे माझी मुलाखत झाली तर लागेल म्हणून सविस्तर लिहितो.) वेबसाइट ज्या फ्रेमवर्कमध्ये बनवतात त्यात मॉडेल असतं आणि टेबल असतं. मॉडेल म्हणजे दारावरचा माणूस. नाव लिहिलं का, मोबाईल दहा आकडी आहे का, हे तो तपासतो. टेबल म्हणजे आतली कोठी, जिथे माहिती जाऊन पडते. साधारण लोक दोन्ही करतात. पण गाइडमध्ये स्पष्ट लिहिलंय की टेबल नसलेलं मॉडेलही करता येतं. ते सगळं तपासतं, चूक दाखवतं, बरोबर असेल तर बरोबर म्हणतं. साठवत मात्र काहीच नाही. गाइडमध्ये 'संपर्क साधा' फॉर्मचं उदाहरण आहे, त्यात माहिती थेट ईमेलने पाठवून देतात. आपणही भैयाजींना ईमेल करू.

भैयाजींकडे ईमेल नाही. तो प्रश्न नंतर.

डेटाबेस इन्स्टॉल करताना दोनदा नेटवर्क गेलं याचा या निर्णयाशी संबंध नाही. कमीत कमी सामानात काम करणे ही आजची जागतिक दिशा आहे.

बाबांनी ऐकलं. टेबल नाही म्हणताच बुद्धविहारातलं जुनं टेबल आणून देऊ का म्हणाले. नको म्हटलं. रचना, माझी लहान बहीण, तलाठी भरतीचा अभ्यास करते. तिला प्रत्येक गोष्टीत प्रश्न पडतो. म्हणाली, "मंग लोकायची नावं जाऊन राहिली कुठं?" मी म्हणालो मेमरीत. ती म्हणाली, "कोणाच्या?"

तिला टेक्नॉलॉजी कळत नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार
पळणं: उद्यापासून. धुकं फार.

खुर्ची नंबरचं लॉजिक लिहिलं. आतापर्यंत जेवढी बुकिंग झाली त्यात एक मिळवायचा, तो नंबर पुढच्या माणसाला. टेबल नसल्याने 'आतापर्यंत किती' हे मॉडेलला विचारता येत नाही. म्हणून सध्यापुरतं तिथे मीच शून्य लिहून ठेवलं. शेजारी टीप टाकली: नंतर बदलणे. ही प्रोफेशनल पद्धत आहे.

टेस्टिंग केलं. माझ्या नावाने बुक केली, खुर्ची नंबर एक मिळाली. हिरव्या चौकटीत अक्षरं आली, 'अभिनंदन, आपली खुर्ची क्रमांक १ निश्चित झाली आहे.' डोळे भरून आले.

बाबांच्या नावाने केली. पुन्हा एक.

थोडा वेळ गोंधळलो. मग लक्षात आलं, मोबाईल नंबर तोच टाकला होता. म्हणजे सिस्टिम कुटुंबाला एक धरते. हे मी लिहिलेलं नव्हतं. चांगल्या कोडमध्ये काही गोष्टी आपोआप येतात.

१० नोव्हेंबर, सोमवार
साइट सुरू. लिंक गावाच्या सगळ्या ग्रुपवर टाकली. दुपारपर्यंत नुसते अंगठे.

बाबा धान चुरायला, म्हणजे मळणीला, ये म्हणत होते. लाँचच्या दिवशी फाउंडर शेतात जात नसतो, हे त्यांना सांगितलं. फाउंडर म्हणजे कोण, असं त्यांनी आईला विचारलं. आई म्हणाली, झोपला असेल.

११ नोव्हेंबर, मंगळवार
खुशबू भेटली. आरोग्य केंद्रात नर्स आहे. बदली होऊन आली तेव्हापासून मी तब्येतीकडे लक्ष देतो. चौकात गाडी थांबवून हळूच म्हणाली, "तुम्ही मले पयला नंबर देला. बरं वाटलं. कोणाले सांगत नाही मी."

मी दिला नव्हता. पण नाही म्हणणंही बरं दिसत नव्हतं, म्हणून नुसता हसलो.

सिस्टिमने दिला. म्हणजे एका अर्थी मीच.

अर्जुनीला जाऊन नवीन स्वेटर घेणे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
भैयाजींनी घरी बोलावलं. चहा, चिवडा, वर अनारसे. दार लोटून घेतलं आणि म्हणाले, त्यांच्या ब्रह्मपुरीच्या जावयाला नंबर एक लागला. "पोरा, तू मानूस ओळखते. बाहेर कोणाजवळ बोलू नोको."

घरी येताना एक शंका आली. खुशबूचीही एक आणि जावयाचीही एक. विचार केला. बायकांची बाजू वेगळी असते. म्हणजे मांडवात दोन एक नंबर असू शकतात. हे मी डिझाइन करतानाच डोक्यात धरलं असणार.

१५ नोव्हेंबर, शनिवार
सरपंच सुंदरबाईंनी पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा पाठवल्या. शाळेच्या हेडमास्तरांनी खांद्यावर हात ठेवला. किराणावाल्याने चहापत्तीचा पुडा हातात कोंबला. सगळे हळू आवाजात बोलतात आणि सगळे म्हणतात, कोणाला सांगत नाही. पुण्यात इतका मान कधी मिळाला नाही.

बाबा शेंगांकडे पाहून म्हणाले, "हे कायच्या बद्दल हाय?" ग्राहक समाधान, मी म्हणालो. ते शेंगा सोलत बसले. एकही खाल्ली नाही.

रचनाने पुन्हा विचारलं, बुकिंगचे ईमेल येतात का. उघडून पाहिलं. एकही नाही. मग आठवलं, ईमेल पाठवायचा भाग मी लिहिलेलाच नाही. म्हणजे ती चूक नाही, काम बाकी आहे. फरक असतो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार, सकाळ
बाबा: डेकोरेशनवाल्याला खुर्च्या किती सांगू?
मी: भरपूर.
बाबा: "भरपूर म्हंजे किती गा?"
मी दोनशे सांगितल्या. आत्मविश्वासाने सांगितलं की आकडा खराच वाटतो.

त्याच दिवशी, संध्याकाळ. आज टेबल करणारच होतो. बसलोही. पण मग एक नैतिक प्रश्न उभा राहिला. आता टेबल केलं तर पुढे येणाऱ्यांची नावं राहतील, आधी येऊन गेलेल्यांची नाही. ज्यांनी पहिल्या दिवशी विश्वास टाकला, त्यांच्यावर हा अन्याय. तत्त्व म्हणून केलं नाही.

शिवाय लाइट गेली.

२० नोव्हेंबर, गुरुवार
रचनाने माझ्यासमोर मोबाईल धरला आणि आमच्या म्हशीच्या नावाने बुकिंग केलं. आडनाव आमचंच लावलं. सिस्टिमने म्हशीचं अभिनंदन केलं आणि तिला खुर्ची क्रमांक १ दिली. मग चार वेगवेगळ्या नंबरांवरून केलं. एक, एक, एक, एक.

"दादा, सगळ्यायलेच एक नंबर भेटून राहिला."

मी म्हणालो, माहीत आहे.

माहीत नव्हतं. म्हणजे एकदम माहीत नव्हतं असंही नाही. तिथे लिहिलेलं शून्य दोनदा डोळ्यासमोरून गेलं होतं. पण माणूस स्वतःच्या कोडवर इतका अविश्वास दाखवू शकत नाही.

ती म्हणाली, बाबांले आताच सांग. मी उद्या सांगतो म्हटलं. बाबा चुरण्याच्या कामात आहेत, अशा वेळी डोक्याला ताप देऊ नये.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
बाबांना सांगायचं होतं. ते जेवत होते. मग झोपले.

नवीन योजना तयार. मी स्वतः गेटवर उभा राहणार. गावातला प्रत्येक चेहरा मला माहीत आहे. ज्याचा त्याचा मान पाहून ज्याला त्याला हाताने बसवणार. मोठमोठ्या विमान कंपन्याही शेवटी हेच करतात.

२२ नोव्हेंबर, शनिवार
नवीन स्वेटर घातला. हिरवा, त्या चौकटीच्या रंगाचा. खुर्च्या आल्या. बाबांनी प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर खडूने नंबर टाकले. मीही दहाएक टाकले. मांडव सुंदर दिसतो. काही होणार नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार, दुपार
काल रात्री झालं ते लिहून ठेवतो. उद्या लोक वाढवून सांगतील.

सगळ्यात आधी भैयाजींचे जावई आले. मोबाईल दाखवला, नंबर एकवर बसले, पाय लांब केले. त्यांच्या मागून सरपंचबाईंचा भाऊ. त्याने मोबाईल दाखवला आणि जावयांना म्हणाला, भाऊ, उठा. मग हेडमास्तर. मग किराणावाल्याचा साडू. मी चेहरे पाहून बसवायला लागलो होतो, पण निम्मे चेहरे पाहुण्यांचे होते, मी आयुष्यात न पाहिलेले. नाटकाची पहिली घंटा झाली तेव्हा एका खुर्चीभोवती अर्धं गाव उभं होतं, प्रत्येकाच्या हातात उजळलेला मोबाईल, प्रत्येकावर तेच अभिनंदन. बाकी सगळ्या खुर्च्या रिकाम्या.

मी म्हणालो, दोन नंबरवर बसा, तिथूनही तसंच दिसतं. कोणीतरी म्हणालं, "माह्या मोबाईलमंधी एक हाय. मी दोनवर कायले बसू?" यात तर्क होता.

तेवढ्यात सगळ्यांना एकदमच कळलं की आपल्याला मिळालेला खास मान गावातल्या प्रत्येकाला मिळालाय. ते जास्त लागलं. ओरडाआरडा फारसा नव्हता. सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि ज्यांनी शेंगा दिल्या होत्या ते जास्त पाहत होते.

जावई उठले, गाडीकडे निघाले. बायकोला म्हणाले, चाल. भैयाजींची लेक मांडवाच्या दोरीला धरून रडायला लागली.  भैयाजींचा चेहरा पाहवत नव्हता. पडद्याच्या फटीतून नाटकातला राजा तोंडाला अर्धा रंग लावून पाहत होता.

या वेळी मी जनरेटरच्या मागे होतो. केबल तपासणं आवश्यक होतं.

तिथून ऐकू आलं. कोणीतरी बाबांना विचारलं, "सेवकराम, तिकिटाचं काम तुह्याकडं होतं ना गा?" बाबा माझं नाव घेऊ शकले असते. सगळ्यांना माहीतच होतं. बाबा म्हणाले, "हो. माह्याच घरची चूक हाय."

मी बाहेर आलो. माइक घेतला. मला सांगायचं होतं की मॉडेल चुकलेलं नाही, त्याने प्रत्येक नाव नीट तपासलं, फक्त ठेवायला जागा नव्हती. पण पहिल्याच वाक्यात 'तांत्रिक कारणामुळे' असं निघालं आणि मागून शिट्ट्या सुरू झाल्या. माइक परत दिला.

मग काय झालं ते मलाही नीट सांगता येत नाही. खुर्ची नंबर एक समोर होती, क्षणभर रिकामी. मी ती उचलली आणि चालायला लागलो. खरं तर पळायलाच. डोक्यात एवढंच होतं की ही इथे नसली तर भांडण कशावर होणार. पाठीमागे हसण्याचा आवाज आला. आधी एक बाई हसली, मग पुष्कळ लोक.

भैयाजी माइकवर म्हणाले, "खुर्ची तं पोट्टा घेऊन पळाला. आता बाकीच्या कायले ठेवता? उचला."

लोकांनीच खुर्च्या उचलून मागे रचल्या. बाबांनी आमच्या खळ्यावरून नवी तणस, म्हणजे भाताचा पेंढा, आणवली, बैलगाडीभर, अजून धानाचा वास असलेली. ती पुढे अंथरली, वर सतरंज्या. भैयाजी स्वतः गाडीपाशी जाऊन जावयांना म्हणाले, तुमी पयले बसा, मंग गाव बसंल. जावई थोडे आढेवेढे घेऊन बसले. त्यांच्या शेजारी हेडमास्तर, त्यांच्या शेजारी सरपंचबाईंचा भाऊ. तणशीत ऊब असते. थोड्या वेळाने तिघं एकाच दुपट्ट्यात होते आणि राजा मेला तेव्हा तिघंही रडले, असं रचना सांगते.

मी पाहिलं नाही. मी सगळ्यांच्या मागे, शाळेच्या भिंतीपाशी होतो. सगळं गाव खाली बसलेलं आणि खुर्चीवर फक्त मी. समोर मांडवाचा खांब होता.

२४ नोव्हेंबर, सोमवार
विश्लेषण: माझ्या सिस्टिममुळे केशोरीत पहिल्यांदाच सगळे एका रांगेत बसले. पाटील, मास्तर, जावई, मजूर. विहारात बाबा ज्या समतेविषयी बोलतात ती मी एका फॉर्मने आणून दाखवली. बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, आंघोळ करून घे.

बाबांची माफी मागायची होती. शब्द जुळवत होतो. तेवढ्यात त्यांनीच म्हशीला पाणी दाखवायला पाठवलं. गेलो.

संध्याकाळी खुशबू दिसली. मी स्वतःहून थांबलो आणि टेबल नसलेल्या मॉडेलविषयी समजावून सांगितलं, जवळजवळ सगळं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मले वाटलं, फक्त मलेच देला."

रागावली नव्हती. हसलीही नाही. गाडी सुरू करून निघून गेली.

यावर आज विश्लेषण नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
मंडळाची मीटिंग. पुढच्या वर्षीची तिकिटं पावती बुकावर, एकमताने. मी विचारलं, मग वेबसाइट बंद करू का? भैयाजी म्हणाले, राहू दे, पोट्टे खेळतात. खरं आहे. नाटक होऊन गेलं तरी बुकिंग येऊनच राहिलं असं पोट्टे सांगतात. मला कळायला मार्ग नाही.

गावात आता मला सगळे 'एक नंबर' म्हणतात. चौकातून गेलो की चार दिशांनी आवाज येतो. रचनाच्या मते ही थट्टा आहे. ब्रँडची सुरुवात अशीच होते.

टेबल शिकायला सुरुवात केली. पहिला धडा अर्धा झाला. सोपं आहे. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं, नाहीतर आधीच केलं असतं.

३० नोव्हेंबर, रविवार
सकाळी अनोळखी नंबरवरून फोन. गोठणगावचं नाट्य मंडळ. त्यांचंही नाटक पुढच्या महिन्यात, आणि केशोरीच्या मांडवाची चर्चा त्यांच्यापर्यंत पोचली आहे. मी उठून उभा राहिलो. लॅपटॉप उघडला. आवाज जाड केला आणि सांगितलं की यावेळी टेबलासकट करून देईन, नावं जन्मभर राहतील.

पलीकडचा माणूस शांतपणे ऐकून म्हणाला, "ते नोको, भाऊ. तुमच्या बाबांचा नंबर द्या. तणशीवर बसवाचं हाय लोकायले, ते कसं केलं ते इचाराचं होतं."

नंबर दिला. त्यांनी तो वाचून दाखवला तेव्हा एक आकडा मीच चुकीचा सांगितल्याचं लक्षात आलं. दुरुस्त केला.

बाबा म्हणतात, बुधवारी गोठणगावला जाऊ, तूही चल, तणस पसरायला दोन माणसं लागतात. हो म्हटलं. पहाटे पाचला निघायचं आहे.